आठ आण्यांची पिशवी

दिवाळी तोंडावर आली की आमच्या घरात दोन गोष्टी हमखास घडतात. एक म्हणजे सौभाग्यवती माळा आवरायला काढतात. आणि दुसरी म्हणजे माळ्यावरची एखादी वस्तू टाकायची की ठेवायची यावरून आमचे दोघांचे वाजते. गेल्या वर्षी हा मान एका चामड्याच्या पिशवीला मिळाला.

वीतभर उंचीची, ओंजळीत मावेल एवढी ती पिशवी आजोबांच्या पत्र्याच्या ट्रंकेत धोतराच्या तुकड्यात गुंडाळलेली होती. रंग जुन्या गुळासारखा. झाकण आडवे तडकलेले, एका बाजूची शिवण उसवलेली, कमरपट्ट्यात ओवायची पट्टी अर्धी तुटलेली. सौभाग्यवतींनी ती दोन बोटांत धरली आणि "ही गेली," असे जाहीर करून टाकले. चिरंजीवांनी (वय वर्षे १४) ती हुंगून पाहिली आणि "बाबा, हिला बैलगाडीचा वास येतो," असा शेरा मारला. मी मात्र ती हातची सोडीना. पूर्वी कधी पाहिलेली नसताना मी ती ओळखली होती. ती आजोबांची शिकारीची पिशवी होती.

आजोबा वऱ्हाडात, मंगरूळपीरच्या बाजूला एका खेड्यात मास्तर होते. गाठीला थोडी शेती होती आणि पीक राखण्यासाठी परवान्याची ठासणीची बंदूक होती. तरुण वाचकांसाठी सांगतो: या बंदुकीला काडतूस नसते. नळीच्या तोंडातून आधी दारू ओतायची, वर चिंधीचा बोळा, मग छर्रे, पुन्हा बोळा. हे सगळे गजाने ठासायचे आणि मागच्या बाजूला घोड्याखाली तांब्याची टोपी बसवायची. एक बार काढून दुसरा भरेपर्यंत हरीण पुढच्या गावच्या शिवेत पोचलेले असे! दारू शिंगात भरलेली असायची. पण टोप्या, छर्रे आणि चिंध्या चटकन हाताला लागाव्यात म्हणून कमरेला ही पिशवी.

आजोबांच्या शिकारीच्या गोष्टी वडिलांनी आम्हांला इतक्या वेळा सांगितल्या होत्या की, कोणत्या नाल्याशी कोणता काळवीट कसा निसटला ते मला पाठ होते. गोष्टी बहुधा निसटलेल्या काळविटांच्याच असत, हेही प्रांजळपणे नमूद केले पाहिजे.

त्याच ट्रंकेत आजोबांची हिशेबाची वही निघाली. साल १९३४. मास्तरांचे अक्षर मोत्यासारखे आणि हिशेब पैचा. 'मोतीस दूध' – मोती म्हणजे त्यांचा कुत्रा. 'सर्जा-राजास पेंड.' बंदुकीच्या परवान्याची फी, वर परवान्याचा क्रमांक. पाने उलटता उलटता एका ओळीपाशी मी थांबलो. 'चांभारास, पिशवीबद्दल – ८ आणे.'

बस्स, एवढेच. कुत्र्याचे नाव होते. दोन्ही बैलांची नावे होती. बंदुकीलासुद्धा क्रमांक होता. ज्याने पिशवी शिवली त्याला मात्र जात होती, नाव नव्हते.

ती वही मी मिटली खरी, पण ती ओळ काही मिटेना. आजोबा दुष्ट नव्हते. गावातली कितीतरी मुले त्यांनी फी न घेता शिकवली होती. त्यांना त्या ओळीत काही उणे आहे असे वाटले नसेल, आणि आजवर आम्हांलाही वाटले नव्हते. काळविटाच्या गोष्टी आम्ही शंभर वेळा ऐकल्या; पिशवी कोणी शिवली हे एकदाही विचारले नाही.

"भाऊबीज झाली की आपण वाशीम जिल्ह्यात जायचं," मी जाहीर केले, "आणि ही पिशवी जशी केली होती तशी दुसरी करायला शिकायची."

"पिशवी शिवायला रात्रभर प्रवास?" सौभाग्यवतींनी विचारले. मग थोडा वेळ गप्प राहून त्या म्हणाल्या, "स्वेटर घेऊन जा. तिकडे पहाटे गारठा असतो."

पुण्याहून रात्रीच्या गाडीने निघून आम्ही पितापुत्र अकोल्याला उतरलो आणि मूर्तिजापूरमार्गे कारंजाची एस. टी. पकडली. मूर्तिजापूरहून कारंजावरून यवतमाळला जाणारी 'शकुंतला' ही चिमुकल्या रुळांची आगगाडी ज्यांनी पाहिली असेल ते भाग्यवान. तिच्याहून सायकलवाला लवकर पोचतो असा तिचा लौकिक होता. आता ती धावेनाशी झाली आहे. रूळ तेवढे गवतात पडून आहेत. समृद्धी महामार्गही याच जिल्ह्यातून, कारंजाजवळून जातो. तिथे मोटारी अशा पळतात की, वाटेत गाव आले केव्हा नि गेले केव्हा याचा पत्ता लागत नाही. एस. टी. मात्र प्रत्येक गावाला विचारपूस करीत जाते.

दुतर्फा काळीभोर जमीन. सोयाबीन निघून गेलेले, तूर पिवळ्या फुलांवर आलेली, कपाशीची बोंडे फुटून शेते पांढरी झालेली. शेजारी बसलेले शेतकरी गृहस्थ हरणांचा विषय निघताच उसळले. "हरनं पाह्याले आले का जी तुमी? पाहा, पाहा! आमच्या हरबऱ्यात या रातच्याले. रोही हाय, डुकरं हायेत, सारा जंगल शेतात जेवून रायला!" रोही म्हणजे नीलगाय. पाहुण्याला काळवीट गोजिरे दिसते. रात्रभर मचाणावर जागणाऱ्याला त्याचे दुसरे रूप ठाऊक असते. आजोबांची बंदूक मुळात पीक राखण्याकरताच होती, याची मला आठवण झाली.

वाशीम जिल्ह्याची एक गंमत आहे. हा जिल्हा दोनदा जन्मला. इंग्रजी अमदानीत 'बासिम' नावाचा स्वतंत्र जिल्हा होता. १९०५ साली तो मोडून अकोल्यात घातला. पुढे १ जुलै १९९८ रोजी तो पुन्हा वेगळा झाला. वाशीम गाव मात्र या दोन्ही जन्मांहून फार जुने. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म ती हीच. आजोबांच्या वहीतल्या सगळ्या तारखा या दोन जन्मांच्या मधल्या काळातल्या, म्हणून त्यांनी आपला जिल्हा 'अकोला' असा लिहिलेला आहे.

कारंजा हे गाव श्रीनृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान म्हणून सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक. जुन्या वेशी, जैन मंदिरे आणि त्यांतली हस्तलिखितांची भांडारे, असा हा एकेकाळचा सधन व्यापारी गाव. इथल्या एका धनिकाची आख्यायिका अजून सांगतात: विकायला आलेली उंटांवरची कस्तुरी त्याने सगळीच्या सगळी विकत घेतली आणि घराच्या बांधकामात कालवून टाकली. ती 'कस्तुरीची हवेली'. वास ज्याच्या घराचा चांगला, त्याची गोष्ट शेकडो वर्षे टिकते! आम्ही ज्या घराच्या शोधात होतो तिथला वास वेगळा होता.

एका वेशीपासून थोडे पुढे, कडुनिंबाखाली पत्र्याच्या आडोशात ते दुकान सापडले. भिंतीवर संत रोहिदासांची तसबीर. तसबिरीत रोहिदासांपुढे जी अवजारे होती तीच खाली मालकांपुढे मांडलेली: कातडे कापायची रापी, भोके पाडायची आरी आणि कातडे भिजवायची दगडी कुंडी. मालक पंचाहत्तरीच्या पुढचे, अंगाने वाळलेले, पण मनगट पाहावे तर जात्याच्या खुंट्यासारखे. मी त्यांना 'काका' म्हणू लागलो आणि ते मला 'भाऊ'.

मी पिशवी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती आधी पाहिली नाही. अंगठ्याने दाबली, नाकाशी नेली, उसवलेल्या शिवणीतून आत बोट घातले. मग म्हणाले, "मोटीचं कातडं हाय हे."

विहिरीवरची मोट आता पाठ्यपुस्तकातही क्वचितच भेटते. म्हशीच्या किंवा बैलाच्या कातड्याची मोठी पखाल. तिला खाली हत्तीसारखी सोंड. नाडा आणि सोंदूर या दोन दोरांनी ती विहिरीत सोडायची, बैलजोडी धावेवरून खाली उतरली की भरलेली मोट वर यायची आणि सोंडेतून पाणी थारोळ्यात पडायचे. गेल्या शतकाच्या साठ-सत्तरच्या दशकांत इंजिने आणि विजेचे पंप आले आणि मोटा गेल्या. कातडे पाण्यात कुजू नये म्हणून मोटेला करडईचे जाळलेले तेल पाजीत. ते तेल काकांना नव्वद वर्षांनंतर वासावरून कळले.

"मोट फाटली का ठिगय लावत. ठिगयही धरेना झालं का मंग त्याच्या चपला, वाद्या, बैलाचे पट्टे. आन् जे उरे त्याची अशी पिशवी. तुमच्या आज्यानं नवं कातडं नाही देल्लं जी. हे उरलंसुरलं हाय."

म्हणजे ज्या पिशवीच्या आम्ही गोष्टी ऐकत आलो ती मुळात टाकाऊ तुकड्यांची होती. तेव्हा नवीही तशाच तुकड्यांची व्हावी हे ओघानेच आले. काकांनी बैठकीखालून पत्र्याचा डबा ओढला. आत हजार रंगांचे, हजार आकारांचे तुकडे. चिरंजीवांनी एक छानसा मऊ काळा तुकडा उचलला. काकांनी तो घेऊन रापीने त्याची कड कापून दाखवली. वरून काळा, पण मधे निळसर करडा. "हे क्रोमचं. पर्सले चालते. आपल्या कामाचं नाही." दुसरा तुकडा कापला, तो आरपार तपकिरी. त्यावर पाण्याचा थेंब टाकला, तर थेंब आत मुरला आणि तेवढीच जागा गडद झाली. "हे सालीचं. हे पानी पेते. जे पानी पेते त्यालेच आकार देता येते."

या निळ्या आणि तपकिरी रंगांत शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे. पूर्वी कातडे कमावण्याचे काम ढोर समाजाकडे असे. कच्चे कातडे आधी चुन्याच्या पाण्यात ठेवायचे, म्हणजे केस सुटतात. मग खरवडून मांस काढायचे. त्यानंतर कातड्याचीच मोठी थैली शिवून, तीत बाभळीच्या सालीचा आणि हिरड्याचा काढा भरून ती टांगून ठेवायची. काढा कातड्यातून झिरपून खाली पडला की पुन्हा वरून ओतायचा. सगळे मिळून महिनाभराचे काम, आणि त्या वासामुळे वस्ती गावाबाहेर. साल आणि हिरडा यांतला तुरटपणा कातड्याच्या तंतूंना धरून ठेवतो, म्हणून ते कुजत नाही. क्रोम या धातूच्या क्षारांची पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत रुळली. मद्रासेत ती आल्फ्रेड चॅटर्टन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी आणली, आणि गंमत अशी की, त्यांच्या डोळ्यांपुढे विहिरीच्या मोटाही होत्या! महिन्याचे काम त्यामुळे दिवसांवर आले. आज बूट, पट्टे, पाकिटे बहुतेक क्रोमच्या चामड्याची असतात. सालीच्या म्हशीच्या कातड्यापासून कोल्हापुरी चपला होतात. काकांच्या डब्यातले आमच्या उपयोगाचे तुकडे त्या चपलांच्याच कापाकापीतले. बैलाचे कातडे आता मिळणे कठीण. २०१५ सालापासून महाराष्ट्रात बैलांच्या कत्तलीलाही बंदी आहे. "आता म्हैस आन् बकरी," काका म्हणाले. एवढेच बोलून ते कामाला लागले.

काकांनी जुनी पिशवी वर्तमानपत्रावर ठेवून तिचा खाका काढला. एकूण सात तुकडे ठरले: पाठ, झाकण, पुढचा भाग, दोन्ही बाजूंनी आणि तळातून फिरणारी पट्टी, कमरपट्ट्यासाठी दोन लूप आणि बांधायची वादी. डब्यातला एकही तुकडा पाठ आणि झाकण सलग निघेल एवढा मोठा नव्हता. जुन्या पिशवीतही तिथे जोड होता. म्हणजे नव्वद वर्षांपूर्वीच्या त्या कारागिरालाही हीच अडचण आली होती. त्याने जोडाच्या दोन्ही कडा रापीने तासून निम्म्या जाडीच्या केल्या होत्या, त्यामुळे एकावर एक बसूनही उंचवटा आला नव्हता. काकांनी त्या जोडावरून दोनदा बोट फिरवले. "हात चांगला होता," ते म्हणाले.

कोणता तुकडा कुठे लावायचा हेही शास्त्र आहे. जनावराच्या पाठीचे कातडे घट्ट, पोटाचे सैल. ताण पडतो तिथे, म्हणजे लूप आणि वादीला, पाठीचे. फुगवटा हवा तिथे पोटाचे चालते. दोन्ही हातांनी तुकडा ओढून पाहिला की कळते. चिरंजीवांना ते तासाभरात कळू लागले. मला दुसऱ्या दिवशी दुपारी कळले असे मी म्हणालो, पण ते खरे नाही.

पुढचा भाग फुगीर हवा, म्हणजे आत बोटे शिरतात. त्यासाठी तुकडा कुंडीत भिजवून मऊ झाला की लाकडी ठोकळ्यावर ताणून बांधायचा आणि सावलीत वाळवायचा. वाळला की तो आकार कायम. सावलीतच का, असे मी विचारले नाही. काका जेवायला घरी गेले तेव्हा लवकर वाळावा म्हणून ठोकळा मी उन्हात ठेवला. ते परत आले तोवर तुकड्याच्या कडा पापडासारख्या उलटल्या होत्या आणि मधे चीर गेली होती. मी ओशाळलो. काका रागावले नाहीत. त्यांनी डब्यातून दुसरा तुकडा काढून कुंडीत टाकला. "माह्या बापानं मले यासाठी मारलं होतं," ते म्हणाले. "तुमाले कोन मारंल?"

शिवणीपूर्वी कडेपासून सारखे अंतर धरून रेघ ओढायची आणि आरीने सारख्या अंतरावर भोके पाडायची. सुताचा दोरा मेणावरून ओढून घ्यायचा. दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया. प्रत्येक भोकातून एक सुई या बाजूने, दुसरी त्या बाजूने. अशी शिवण एका जागी तुटली तरी दुसरा पदर धरून ठेवतो. यंत्राची शिवण एकदा सुटली की सुटत जाते. दोन कडांच्या मधे कातड्याची एक बारीक पट्टी घालतात, कापडाला मगजी घालतात तशी. त्यामुळे झीज होते ती पट्टीची. दोरा आत सुरक्षित राहतो. दरम्यान रापीने माझ्या अंगठ्याची ओळख करून घेतली होती. त्यामुळे पुढची सगळी बाजू चिरंजीवांनी शिवली.

बंद करायला गुंडीसुद्धा कातड्याचीच. एका टोकाला निमुळती होत जाणारी पट्टी रुंद बाजूकडून घट्ट गुंडाळायची, गुंडाळीला आरपार चीर द्यायची आणि निमुळते शेपूट तिच्यातून ओढून घ्यायचे. झाली गुंडी! आजोबांच्या पिशवीलाही पितळेचा किंवा लोखंडाचा एक कण नव्हता. मी त्याचे कारण काटकसर समजत होतो. काका म्हणाले, "हरनाचा कान पाह्यला का तुमी? लोखंड वाजलं का गेलं हरीन." ज्याने शिवली त्याला शिकार ठाऊक होती, शिकाऱ्याच्या आधी त्यानेच हरणाचा विचार केला होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जुन्या पिशवीचे झाकण मागून सोडवताना जोडाच्या आत, दोन पदरांच्या मधे, आरीची तीन भोके दिसली. ती शिवणीची नव्हती. एका ओळीत, नीट टोचलेली तीन टिंबे.

"हे काय, काका?"

"खून असते जी. ज्याची त्याची. आपलं काम आपल्याले वयखू याव म्हून." ते बराच वेळ ती टिंबे पाहत राहिले. "आमची नोहे. आमच्या घरचे पाच असत."

माझ्या मनात कुठेतरी अशी आशा होती की, हे काकांच्याच आजोबांचे काम निघेल. तसे निघाले असते तर ही गोष्ट फार गोड झाली असती. तसे नव्हते. मग मी पिशवीतून ती वही काढली आणि ती ओळ त्यांना वाचून दाखवली. वाचताना माझा आवाज जरा खाली गेला.

काका दोऱ्याला मेण लावीत होते. हात न थांबवता म्हणाले, "तवा नावानं कोन हाक मारे जी? माह्या आज्याले सारं गाव जातीच्याच नावानं हाक मारे. नाव होतं ते घरी. माही आजी घेत नसे, आन् गाव म्हनत नसे. मंग ते नाव ऐकलं कोनं?"

यावर मी काय बोलणार? वडिलांनी सांगितलेली एक गोष्ट मला आठवली, जी ते हसत सांगत आणि आम्ही हसत ऐकत असू. आजी ती पिशवी घरात येऊ देत नसे. ती ओसरीवरच्या खुंटीला टांगलेली असायची आणि पहिल्यांदा घरी आली तेव्हा आजीने तिच्यावर पाणी शिंपडले होते. पिशवीवर पाणी शिंपडले, तर पिशवी आणून देणाऱ्याच्या हातावर आठ आणे कसे ठेवले असतील? ठेवले असतील, की वरून टाकले असतील? हे मला तेव्हा सुचले नव्हते. संविधानाने १९५० साली अस्पृश्यता नाहीशी केली. आमच्या घरातली ती हसण्याची गोष्ट मात्र त्यानंतर कितीतरी वर्षे चालू होती.

तेवढ्यात काकांनी मागवलेला चहा आला. आम्ही तिघांनी तो प्यालो. यात मोठेपणा काही नाही. आजोबा प्याले नसते, एवढेच.

तिसऱ्या दिवशी सकाळी कडा ओल्या करून लाकडाच्या गुळगुळीत कांडीने घासल्या. घासता घासता त्या काचेसारख्या चमकू लागल्या. मग करडईच्या तेलाचा हात. पिवळट तपकिरी कातडे पाहता पाहता गडद झाले. पिशवी तयार झाली. काकांनी तिच्या झाकणाच्या आत आधीच पाच टिंबे टोचलेली होती. चिरंजीवांनी आरी मागून घेतली आणि शेजारी सहावे टोचले. काका पोट धरून हसले.

पैशांचा विषय काढला तेव्हा ते म्हणाले, "तुकड्याचे नाई घेत. ते फेकायचेच. हाताचे द्या." तीन दिवसांचे मिळून त्यांनी सहाशे रुपये सांगितले. मी जास्त देऊ लागलो तर त्यांनी उरलेले परत केले.

परतीच्या आधी आम्ही कारंजा-सोहोळ अभयारण्याच्या कडेने फिरून आलो. सुमारे १८ चौरस किलोमीटरचा हा गवताळ टापू २००० साली काळविटांसाठी राखीव झाला. घनदाट झाडी पाहायला सवकलेल्या डोळ्यांना हे अभयारण्य वाटतच नाही. नुसता माळ, मधूनमधून बाभळी आणि कुसळीचे गवत, जे पायमोज्यांत शिरून पुण्यापर्यंत सोबत करते. पण काळविटाला हवे असते तेच. उघड्या माळावर त्याला दूरचे दिसते आणि पाय त्याला वाचवतात.

आजोबांच्या गोष्टींत नेहमी एक फासेपारधी असे. हरणे कुठे आहेत ते त्याला कळे. आजोबा फक्त बार काढीत. पारधी बंदुकीवाचून शिकार करीत, पाळलेल्या गाई-बैलाच्या आडून हरणाजवळ जात आणि फासे मांडीत. हरणाचे फास हरणाच्याच वाळवलेल्या तातीचे. काही वाया घालवायचे नाही, हा मोटेच्या पिशवीचाच धडा तिथेही होता. ज्या राज्याने मास्तरांना बंदुकीचा परवाना दिला त्याच राज्याने १८७१ च्या कायद्याने पारध्यांसारख्या कितीतरी जमातींवर जन्मापासून गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने सगळ्यांचीच शिकार थांबली. मी आणि तो कायदा एकाच वर्षी जन्मलो, म्हणून आमच्या घरात बंदुकीच्या फक्त गोष्टी आल्या. आज याच अकोला-वाशीमच्या माळांवर फासेपारधी कुटुंबे, 'संवेदना' या संस्थेच्या सोबतीने, गवत राखतात आणि तणमोर या दुर्मिळ पक्ष्याची नोंद ठेवतात. पक्षी कुठे आहे हे अजूनही त्यांनाच आधी कळते.

सूर्य कलला तेव्हा चिरंजीवांनी माझी बाही ओढली. गवताच्या टोकांवर आधी पिळदार शिंगे दिसली, मग काळी पाठ आणि पांढरे पोट. मागे पाच-सहा पिवळट माद्या. चिरंजीवांचा हात कमरेच्या नव्या पिशवीकडे गेला. आत छर्रे नव्हते. वहीचा कागद, पेन्सिलीचा तुकडा आणि मूठभर फुटाणे होते. गुंडी सुटली, पण आवाज झाला नाही. काळवीट चरत राहिले. चित्र पुरे होईपर्यंत ते तिथेच होते. आजोबांच्या गोष्टींतले एकही काळवीट इतका वेळ थांबल्याचे मला आठवत नाही.

गाडीत मी आजोबांची वही काढली. मागची काही पाने कोरी आहेत. तिथे तारीख घातली आणि लिहिले: 'पिशवीची शिवणावळ – ६०० रुपये.' पुढे काकांचे पूर्ण नाव लिहिले. त्यांचे, त्यांच्या वडिलांचे आणि त्यांनी सांगितले तसे त्यांच्या आजोबांचे. हे नाव दिवाळी अंकातही देऊ का, असे मी त्यांना विचारले होते. ते म्हणाले, "छाप्यात नको जी. वहीत लिवा." म्हणून इथे देत नाही.

१९३४ च्या पानावर ती ओळ तशीच आहे. तिच्यापुढे भरायला माझ्याजवळ नाव नाही. चिरंजीवांनी पेन्सिलीने तिथे तीन टिंबे काढली आहेत. जुनी पिशवी आता पुन्हा माळ्यावर गेलेली नाही. सौभाग्यवतींनीच ती पुसून, तेलाचा हात देऊन दिवाणखान्यातल्या खुंटीला टांगली आहे. घराच्या आत.